तिसरं रूप

फोरबर्गमधल्या त्या इमारतीच्या मागे अजूनही कापलेल्या झुडपांचा तोच वास येतो. ओला, कडवट, थोडासा मांजरांचा. आम्ही आता कापेलला राहतो आणि या बाजूला यायचं मला काही कारण नसतं. आज ट्राममधून दोन स्टॉप आधी उतरले, एवढंच.

तळमजल्यावरच्या त्या घरात आता दुसरं कोणी राहतं. काचेच्या सरकत्या दाराला पडदा नाही. आत मोठा टीव्ही, कुंडीतलं उंच झाड, जमिनीवर लाकडी आगगाडी. मी फार वेळ बघत नाही. दुसऱ्याच्या घरात बघताना कोणी आपल्याला बघेल, ही भीती मला लहानपणापासून आहे. पण दारासमोरच्या फरशा त्याच आहेत. त्यातली एक हलायची. तिच्यावर माझी घडीची खुर्ची असायची आणि मी जराशी कलले की खालून ‘टक्’ असा आवाज यायचा. ती वर्षं मला आधी त्या आवाजातून आठवतात. मग सॅनिटायझरच्या वासातून. मग इंगर.

मी या देशात आले ती समीरच्या मागे. त्याची नोकरी झुइडास या ऑफिसांच्या वस्तीतल्या एका काचेच्या इमारतीत, आणि माझ्या कागदांवर मी कोणाची बायको आहे तेवढंच लिहिलेलं. डच यावं म्हणून लायब्ररीत नाव दिलं. तिथे नव्याने आलेल्या माणसाची जोडी इथल्या एखाद्या निवृत्त माणसाशी लावून देत. आठवड्यातून एकदा भेटायचं, कॉफी प्यायची, बोलायचं. त्यातलं बोलणंच मला अवघड होतं. मी कुठल्याच भाषेत फारशी बोलत नाही.

माझ्या वाट्याला इंगर आली. उंच, पांढऱ्या केसांची, खुबा दुखतो म्हणून जरा तिरकी चालणारी. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं की ती डच नाहीच, डॅनिश आहे. समुद्रातला गाळ काढणाऱ्या जहाजावरचा एक डच माणूस तिच्या गावचं बंदर खोल करायला आला होता आणि जाताना तिला घेऊन गेला. त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली होती. तो माणूसही आता नव्हता.

घरी सांगितल्यावर समीर हसत सुटला. “म्हणजे मराठी शिकायला तू गुजराती शेजाऱ्यांकडे गेलीस!”

“पन्नास वर्षं राहतात त्या इथे.”

“मग? शेजारी पण राहतातच की.”

तिला हाक काय मारायची हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. ‘मेव्राव’ म्हणाले, म्हणजे आपल्याकडचं ‘बाई’, तर ती म्हणाली, “मेव्राव माझी सासू होती. फार वाईट होती.” आईपेक्षा मोठ्या बाईला नुसतं इंगर म्हणायला जीभ उचलेना. मग मी आपल्याकडे करतात तेच केलं, हाकच मारायची नाही. एकदा ती पाठमोरी असताना तोंडातून “अहो” निघून गेलं. तिने वळून खलाशासारखा हात कपाळाला लावला आणि ओरडली, “अहॉय!” पुढे ते तसंच राहिलं. मी अहो, ती अहॉय.

मग लायब्ररी बंद झाली. सगळंच बंद झालं.

त्या वर्षीचा वसंत इतका सुंदर होता की त्याचा राग यायचा. आकाशात विमानाची एक रेघ नाही. कालव्यातलं पाणी हललं तरी ऐकू यायचं. सुपरमार्केटच्या दाराशी पुसून ओल्या केलेल्या ट्रॉल्या, त्यांच्या दांड्यांना स्पिरिटचा वास, आणि जमिनीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्यांवर शहाण्या मुलांसारखी उभी राहिलेली माणसं. आमच्या एका खोलीच्या घरात समीर दिवसभर विचारायचा, “कॅन यू सी माय स्क्रीन?” मी जिन्यात जाऊन बसायचे. जिन्याला फरशीच्या साबणाचा वास होता आणि त्या वासात मी डच क्रियापदं पाठ करायचे.

एक दिवस इंगरचा फोन आला. मी कुठे राहते ते लायब्ररीच्या बाईंनी तिला सांगितलं होतं. “तुझ्याच इमारतीत आहे की मी, तळाला. दार उघडं ठेवते. मी आत, तू बाहेर. खुर्ची तुझी तू आण.”

अशी ती फरशी माझी झाली. आत ती आरामखुर्चीत, बाहेर मी, मध्ये दीड मीटर हवा. ती कॉफीचा कप उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायची, मग मी पुढे होऊन तो घ्यायचे. घरातून राय ब्रेडचा आंबूस वास यायचा, बाहेरून झुडपांचा. समोरच्या गवतात एक राखी बगळा उभा असायचा, तोही अंतर राखून.

मला डचमध्ये क्रियापदाचं तिसरं रूप जमत नव्हतं. लहानपणी इंग्लिश मीडियमच्या शाळेत ‘गो-वेंट-गॉन’ जमलं होतं, कारण बाबा मला स्कूटरवर पुढे उभं करून सिग्नलला सिग्नलला विचारायचे. “ईट?” “एट, ईटन!” “स्विम?” “स्वॅम, स्वम!” मागचे स्कूटरवाले हसायचे. डचमध्ये मात्र तिसऱ्या रूपाआधी घशातून एक ‘ख’ काढावा लागतो, आणि त्याच्याही आधी ‘आहे’ लावायचं की ‘जवळ आहे’, म्हणजे इंग्लिशमधलं ‘हॅव’, ते ठरवावं लागतं. मी ते नेहमी उलटं लावायचे.

“तिसरं रूप एकटं बाहेर पडत नाही,” इंगर सांगायची. “कोणाचा तरी हात धरूनच जातं. जे हलतं, बदलतं, त्याला ‘आहे’चा हात. बाकी सगळ्याला दुसरा.”

“आणि राहणं? राहणं तर हलत नाही.”

“राहण्याला पण ‘आहे’च.”

“का?”

“का विचारायचं नाही. आमच्याकडेही तसंच आहे.” मग तिने पहिल्यांदा मला तिच्या भाषेतलं क्रियापद म्हणून दाखवलं. ब्लीवे, ब्लेव, ब्लेवद. शेवटचा तो द मला आजही लिहिता येत नाही. तो द नाही, ल नाही. जीभ दातांमागे नेऊन तिथेच सोडून दिल्यासारखा आहे. डॅनिशमध्ये राहणं आणि होणं यांना हा एकच शब्द. तिच्या गावी समुद्रावरून परत न आलेल्या कोळ्यांना मेले म्हणत नाहीत, राहिले म्हणतात. चर्चच्या भिंतीवर त्यांची नावं आहेत, म्हणाली. तिच्या एका मामाचं पण आहे.

त्याच दिवशी बोदिलचं कळलं. बोदिल म्हणजे तिची मोठी बहीण. तिकडे, तिच्या देशात, युटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका वृद्धाश्रमात होती. साथीच्या आधी काही महिने तिला झटका आला होता आणि तिची वाचा गेली होती. नाव विचारलं तर सांगता येत नव्हतं, पाणी हवं तर मागता येत नव्हतं. पण आश्चर्य म्हणजे क्रियापदं येत होती.

त्यांचे वडील शाळामास्तर. रात्रीच्या जेवणाची भांडी ते घासायचे, दोघी बहिणी पुसायच्या. वडील पहिलं रूप म्हणायचे, धाकटी इंगर दुसरं, आणि तिसरं बोदिल, कारण ती मोठी आणि तिसरं सगळ्यांत अवघड. स्युंगे, सांग, सुंगद, म्हणजे गाणं. द्रिके, द्राक, द्रुकद, म्हणजे पिणं. बशीवर फडकं फिरायचं आणि रूप पडायचं. इतक्या वर्षांनी, मेंदूतले बाकी सगळे दिवे विझल्यावर, तेवढं मात्र उजेडात राहिलं होतं. इंगर फोनवर पहिली दोन रूपं म्हणायची आणि पलीकडून तिसरं यायचं. दोघी बहिणींमध्ये आता एवढंच बोलणं शिल्लक होतं. तिसरं आलं की इंगरला कळायचं, बोदिल आहे, आणि फोनवर आपण आहोत हे तिला कळतंय.

अडचण एक होती. क्रियापदांच्या आधी इंगर थोडी बातमी द्यायची. मी बाजारात गेले होते, मी सूप केलं, दाराबाहेर एक इंडियन मुलगी येऊन बसते. पन्नास वर्षांत तिची डॅनिश गंजली होती. वाक्य डॅनिश सुरू व्हायचं आणि तिसऱ्या रूपाशी आलं की तोंडून डच ‘ख’ निसटायचा. बोदिल नाकातून फुसकन हसायची. पूर्वी वाचा होती तेव्हा ती इंगरला चिडवायची, “आली आमची डचीण.” आता फक्त फुसकन आवाज. आणि मग रुसायची. त्या रविवारी तिसरं रूप यायचंच नाही. पुढच्या रविवारपर्यंत इंगर घरात तिरकी तिरकी फिरत राहायची.

म्हणून मला काम मिळालं. रविवारी चर्चच्या घंटा वाजल्या की मी खुर्ची उघडायची. इंगर आधी सगळी बातमी माझ्यासमोर म्हणून बघायची. मला डॅनिश येत नव्हती आणि यायची गरजही नव्हती. त्या भाषेत तो घशातला ‘ख’ नाहीच. तो ऐकू आला की मी नुसतं बोट वर करायचं. मी बोट वर केलं की ती डोळे मिटून शिवी द्यायची, डचमध्ये, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून. माझ्यासारख्या मुलीला याहून चांगलं काम मिळालं नसतं. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं.

मग फोन. तिला कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकरवर. तिकडची, आश्रमात काम करणारी मुलगी बोदिलच्या कानाशी फोन धरायची. पलीकडे खोलीचा एक बंद, उबदार आवाज असायचा, कुठेतरी चमचा वाजल्याचा. बातमी संपायची. इंगर श्वास घ्यायची. “स्युंगे, सांग...” आणि मी माझी फरशी वाजू नये म्हणून ताठ बसायचे. कधी लगेच, कधी इतक्या उशिरा की वाटावं आता नाहीच, पण यायचं. जाड, ओलसर, शाळेतल्या मुलीच्या चालीत. “सुंगद.” इंगर मुठीने मांडीवर मारायची, फुटबॉलमध्ये गोल झाल्यासारखी. फोन ठेवताना ती मुलगी “हाय हाय” म्हणायची. त्यांच्याकडे निरोप घेताना तसं म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी वाईट झालं.

बाबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, “तू त्या डॅनिश बाईच्या चुका काढतेस? परवा काकूला म्हणालीस, मी तुला खूप मिस केली.”

“केलं.”

“हां, मग बोट कोण वर करणार?” ते हसले आणि मग त्यांना खोकला आला. तेव्हा खोकल्यानंतर सगळेच गप्प होत.

उन्हाळ्यात काही आठवडे सीमा उघडल्या. इंगरची बॅग दाराशी आली. निळी, कोपरे झिजलेली, कापराचा वास येणारी. त्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली, जी वसंतात रद्द झाली होती. मी विचारलं, आता काय करणार? ती म्हणाली, “अशी तिरकी गेले तर तिला वाटेल, ही पण मोडली. सरळ चालत जाते तिच्यासमोर. शरदात.” ती सरळ चालायला लागली तेव्हा झाडं पिवळी झाली होती आणि सगळं पुन्हा बंद झालं होतं. बॅग बरेच दिवस दाराशीच होती. मग एका रविवारी नव्हती, कपाटात परत गेली होती.

हिवाळ्यात कालवे गोठले. इमारतीमागच्या नाल्यावर सगळी वस्ती उतरली. बर्फावर स्केट्सच्या पात्यांचा तो लांब, कापड फाडल्यासारखा आवाज, मुलांच्या किंकाळ्या, कुणीतरी घरून आणलेल्या वाटाण्याच्या सूपची वाफ. इतक्या महिन्यांनी लोक हसत होते. मी फरशीवर कोट, शाल, मांडीवर इंगरने दिलेली गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले होते. घंटा वाजल्या नव्हत्या. तो रविवार नव्हताच. तिकडच्या मुलीनेच फोन केला होता. वृद्धाश्रमात साथ शिरली होती, आणि बोदिलचा श्वास आता फोनमधूनही मोजता येण्यासारखा झाला होता.

त्या दिवशी इंगरने बातमीचा सराव केला नाही. ती सरळ बोलत गेली. मला बोट वर करावं लागलं नाही. एकदाही नाही. नाला गोठला आहे, लोक घसरतायत, तुझे लाल स्केट्स मी चोरले होते. असं काहीतरी होतं, तिने मला नंतर सांगितलं. मग क्रियापदं.

“ब्लीवे, ब्लेव...”

पलीकडे श्वास. आत जाताना शिट्टीसारखा, बाहेर येताना काहीच नाही.

“स्युंगे, सांग...”

श्वास.

ती घाईने पुढे गेली नाही. प्रत्येकाला पुरेसा वेळ दिला, भांडं नीट कोरडं होईपर्यंत द्यावा तसा. दोन्ही हात फोनभोवती. मागे नाल्यावर कोणीतरी पडलं आणि सगळे हसले.

“द्रिके, द्राक...”

बराच वेळ काही नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं, कडी. आणि एकदम फोनमधून वारा आला. मोठा, मोकळा वारा, आणि त्यात समुद्रपक्षी, पुष्कळ, एकमेकांवर ओरडणारे. इतके महिने ती खोली बंद डब्यासारखी ऐकली होती. मला वाटलं, तिला बरं वाटावं म्हणून कोणीतरी खिडकी उघडली. मला खरंच आनंद झाला. मी, जी विचारल्याशिवाय कधी बोलत नाही, खुर्चीतून पुढे वाकून डचमध्ये म्हणाले, “अहो, समुद्र ऐकू येतोय!”

खालची फरशी वाजली.

इंगरने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहान मुलाने काहीतरी विचारलं की मोठी माणसं आधी क्षणभर थांबतात, तशी.

“हो,” ती म्हणाली. “आमच्याकडे माणूस गेलं की खिडकी उघडतात. जाता यावं म्हणून.”

मग ती फोनकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “द्रुकद.” बोदिलचा शब्द. मग उलट क्रमाने “सुंगद” म्हणाली, “ब्लेवद” म्हणाली, राहिलेली सगळी तिसरी रूपं एकामागून एक म्हटली. तिकडच्या मुलीने फोन बंद केला नाही. वारा येत राहिला.

मला उठून आत जायला हवं होतं. दीड मीटरच तर होतं. मी उबदार पिशवी पोटाशी धरून बसून राहिले, आणि ती दाराच्या काचेला टेकून बसली, आणि आम्ही दोघींनी नियम पाळला.

पुढच्या रविवारी घंटा वाजल्या तेव्हा मी खुर्ची घेऊन गेले. तिने कॉफी ठेवली. डच बोललो. मी विचारलं, फार घाबरत, की डॅनिश आता कोणाशी बोलणार? ती म्हणाली, “कोणाशीच नाही. आता माझ्या चुका काढणारं कोणी नाही.” आणि मला माझी क्रियापदं विचारली. त्या वर्षात मी ती सगळी शिकले. ‘आहे’ कुठे, ‘जवळ आहे’ कुठे, आता मला विचार करावा लागत नाही.

आत दिवा लागला आहे. कोणीतरी आगगाडी उचलून टोपलीत टाकतंय. मला ट्राम गाठायला हवी. पण एक दुपार अजून आठवायची राहिली आहे, आणि ती आठवल्याशिवाय इथून निघता येत नाही.

साथीचा शेवटचा हिवाळा होता. इंगर पडली होती, आणि मग आणखी काय काय झालं होतं, आणि ती लायडस्खेनडामच्या बाजूला एका वृद्धाश्रमात होती. तिथून फोन आला. तिची डच गेली होती. पन्नास वर्षांची सगळी भाषा, नवऱ्याची, सासूची, बाजाराची, एका पावसाळी आठवड्यात निघून गेली होती, आणि ती फक्त काहीतरी म्हणत राहायची, दोन दोन शब्द, आणि थांबायची, आणि चिडायची. कोणाला कळत नव्हतं. तिच्या कागदांवर ओळखीचं म्हणून माझं नाव होतं. तुम्हाला ती भाषा येते का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, थोडीशी. मी खोटं बोलले नव्हते.

त्यांनी मला निळा झगा घातला, तोंडावर मास्क, हातात मोजे. खोलीला उकडलेल्या बटाट्यांचा आणि पावडरचा वास होता. ती उशीत लहान दिसत होती. मी “अहो” म्हणाले. तिने ओळख दाखवली नाही. छताकडे बघत, शाळेच्या चालीत म्हणाली, “बीदे, बेद...” आणि थांबली.

म्हणजे चावणं. साधं क्रियापद, त्यात तो न जमणारा द शेवटी नाही. रविवारी कितीतरी वेळा ते पलीकडून आलेलं मी ऐकलं होतं. खोलीत मी आणि एक नर्स. मी वाकले, तिच्या कानाजवळ, आता कोणी दीड मीटर मोजत नव्हतं, आणि मास्कमधून म्हणाले, “बित.”

तिचा चेहरा बदलला. उत्तर बरोबर होतं. मला ते दिसलं. तिने मान वळवली, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, तेवढेच उघडे होते, नीट पाहिलं. मग तिने हाताने मला जरासं बाजूला केलं, आणि माझ्यामागे दारातून अजून कोणी येतंय का ते बघत राहिली.